हिच्या मापाचा पुतळा

मंगळवार, ४ मार्च

अक्षर वाकडं येतंय. वाकडं अक्षर मला खपत नाही, पण राग आलाय आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज हिला घेऊन कपडे घ्यायला गेलो. पुढच्या महिन्यात हिच्या रेडिओ केंद्राचा मोठा सोहळा आहे. भरलेलं सभागृह, आणि सूत्रसंचालन हिने करायचं. इतकी वर्षं रोज सकाळी ही अख्ख्या शहराला उठवते. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. आता पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहणार. मग धड ड्रेस नको?

पहिल्या दुकानात, "मॅडम, फ्री साइज आहे, सगळ्यांना येतो." नाही आला. म्हणजे ही 'सगळ्यांत' नाही. दुसऱ्या दुकानात मोठ्या मापाचे कपडे होते, एका कोपऱ्यात, झाडूशेजारी. काळा, करडा, मातकट. पुन्हा काळा! कापडाला ना कंबर ना बाही. तंबू नुसते. हिला गडद हिरवा हवा होता. "हिरवा या मापात निघत नाही," म्हणे. का निघत नाही? हिरवा रंग काय चाळणीतून गाळून घेतात? तिसऱ्या दुकानातली पोरगी तर खुर्चीवरून उठलीही नाही. वरपासून खालपर्यंत बघितलं न् म्हणाली, "तुमच्यात नाही हो येत." तुमच्यात म्हणजे कुणात?

चौथं दुकान चौकातलं, सगळ्यात मोठं, सगळं काचेचं. तिथे हिरवा होता. सर्वात मोठं माप घेऊन ही ट्रायल रूममध्ये गेली. मी बाहेर हिची पर्स धरून उभा. आतून चेन अडकल्याचा आवाज. मग धाप. मग विक्रेती पडद्याबाहेरून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी — "ताई, जोर लावू नका हां! उसवला तर घ्यावा लागेल!"

सगळ्या माना वळल्या.

ही बाहेर आली ती सरळ दाराकडे. दाराशी पुतळा उभा होता, अंगावर तोच हिरवा ड्रेस. त्याच्यासमोर थांबली. म्हणाली, "हा तुमचाच ना?"

मी म्हणालो, हो! माझाच. गळ्याखालचं हाड बघ, खांद्याकडे जाताना किंचित वळतं, ती वळणाची रेघ या धंद्यात दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. कलाशाळेत शिकून आलेल्यांनाही नाही. हे गर्वाने नाही, खरं आहे म्हणून बोललो.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "ही दुकानं तुम्हीच भरून ठेवलीत."

मी? मी पुतळे करतो! कपडे मी शिवतो का?


बुधवार, ५ मार्च

अबोला. सकाळी रेडिओवर मात्र — "नमस्कार! कसे आहात सगळे?" साऱ्या शहराची विचारपूस. घरात मीठ मागायची सोय नाही.


शनिवार, ८ मार्च

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. तोंडाचा पट्टा सुरू की मग थांबत नाही, पण आज तिच्यामुळेच सगळं कळलं.

हिने केंद्रप्रमुखांना सांगून टाकलंय की घसा बसलाय, सोहळ्याचं नक्की सांगता येत नाही. घसा! काल रात्री फोनवर कुणाला तरी चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल इतकी झापत होती. महिनाअखेरपर्यंत हो म्हटलं नाही तर सोहळा नव्या मुलीला जाणार. तिला सगळे चिमणी म्हणतात. चिमणीएवढीच आहे, वाईट नाही. पण जी स्टेजवर, तिलाच संध्याकाळचा नवा कार्यक्रम. त्या कार्यक्रमाची कल्पना हिची. नाव हिने दिलेलं. कधीपासून वाट बघतेय.

आणि हे सगळं एका ड्रेसपायी सोडून द्यायचं.

मेहुणी म्हणाली, "ताई, महिना आहे ना हातात. थोडी बारीक हो की! संध्याकाळी नुसतं ताक पी."

ही म्हणाली, "एवढी दुकानं आहेत. त्यातलं एक मोठं होत नाही, आणि मी बारीक होऊ?"

मेहुणी गप्प. हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.


गुरुवार, १३ मार्च

काचेच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन. दुकानात मोठ्या मापाचा वेगळा विभाग काढतायत. खिडकीत उभा करायला एक जाड पुतळा हवा.

"पण छान जाड हं, मास्तर."

"छान जाड म्हणजे कसा?"

"म्हणजे… जाड दिसणार नाही असा जाड."

फोन ठेवला. मग कामाला लागलो. धंद्याची रीत सगळीकडे एकच आहे. बारीक पुतळा घ्यायचा, त्यावर सगळीकडून सारखा मातीचा थर चढवायचा, वरून साचा काढायचा. कुणी त्यापलीकडे डोकं चालवत नाही. मागणीच कुठे असते!


मंगळवार, १८ मार्च

ही आज आपणहून वर्कशॉपमध्ये आली. चहा घेऊन! मला वाटलं अबोला संपला.

माती चढवलेल्या पुतळ्याकडे बघत उभी राहिली. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे.

"ही कोण?"

"जाड बाई. खिडकीसाठी."

"ही जाड बाई नाही हो. बारीक बाईला मधमाश्या चावल्यात."

मला झोंबलं. म्हटलं, मोजून सारखा थर दिलाय, सुताचा फरक नाही!

"तेच तर. पावाला लोणी लावल्यासारखी जाडी लागते का अंगाला? मनगट माझं तुमच्या त्या पुतळीइतकंच आहे. गळ्याचं हाडही तेवढंच. वजन कुठे जाऊन बसतं ते…" हात पोटाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

बोलणं बरोबर होतं. मला डोळे आहेत, बरोबर काय ते मला कळतं. मी म्हणालो, मग तूच माप दे. तुझ्यावरून करतो. असा पुतळा आजवर कुणी केला नसेल.

कप खाली ठेवला. "मला दुकानात कपडा मिळत नाही. आणि तुम्ही मलाच दुकानात उभी करणार?"

"डोकं नसतं गं पुतळ्याला. कोण ओळखणार?"

"नाही. नाही म्हणजे नाही. विषय संपला."

चहा गार झाला. सगळी माती खरवडून काढली. मधमाश्या चावलेली बाई माझ्या हातून बाहेर पडणार नाही.


बुधवार, १९ मार्च

विचार केला. नीट, शांत डोक्याने केला.

खिडकीचा पुतळा राहू दे बाजूला. पण हिच्या मापाचा पुतळा तयार झाला तर शिलाईमावशी (पलीकडच्या गल्लीतली, हात सोन्याचा) त्यावरच ड्रेस बेतेल. हिरवा. हिच्या अंगाला कुणी टेप लावायला नको, ट्रायल रूम नको, कुणाच्या माना वळायला नकोत. आयता अंगावर चढेल. ही स्टेजवर जाईल.

म्हणजे हे हिच्याच भल्याचं आहे. माप मागायची गरज काय? इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे. मला टेप लागत नाही. शिवाय तिचा जुना कोट दाराशी लटकतोच आहे. खांद्याला, कोपराला अंगाचं वळण धरून बसलाय. कोट बोलतो!

तिच्या भल्याचं आहे.


शनिवार, २२ मार्च

असं काम माझ्या हातून कधी झालं नाही.

ही सकाळी केंद्रावर गेली की दार लावून घेतो. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता. जड पर्स कायम त्याच बाजूला. दंड वर भरलेला, कोपराशी अचानक आवळलेला. पाठीवर काखेखालून येणारी घडी. पोट एक नाही, दोन टप्प्यांत बसतं, आणि वरचा टप्पा श्वासाबरोबर हलतो. हलणं मातीत कसं आणायचं? आणलं! खालचा टप्पा किंचित पुढे ठेवला, बस. उभं राहताना ही भार उजव्या पायावर टाकते. म्हणून तिकडचा नितंब वर. हे कुठल्या पुस्तकात नाही. पुस्तकातल्या बायका दोन्ही पायांवर सारख्या उभ्या असतात, सैनिकासारख्या.

मनगट बारीक ठेवलं. गळ्याचं हाडही. तेवढं श्रेय तिचं.

डोकं केलं नाही.


मंगळवार, २५ मार्च

पुतळा साच्यातून निघाला. घासला. रंग दिला. पांढरा, चकाकी नसलेला. दुपारी शिलाईमावशीला बोलवायला निघणार होतो.

निघालो नाही. कारण मालकीणबाई दारात. न कळवता! "जाताजाता डोकावले, कुठवर आलंय बघायला."

पुतळ्याभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. पाठीवरच्या घडीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या — "मास्तर, असं काम मी बघितलेलं नाही. कुठे शिकलात?"

"कुठेच नाही!"

हा प्रश्न कुणी विचारला की मला दुसरं काही सुचत नाही. गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्याच्या हाताखाली फायबर शिकलो, भंगारातल्या मोडक्या पुतळ्यावर बाकीचं. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. खरंच ऐकत होत्या.

"टेम्पो बाहेरच आहे. आत्ताच नेते."

नको म्हणता आलं असतं. हा दुसऱ्या कामाचा आहे, तुमचा व्हायचाय, एवढंच बोलायचं होतं. बोललो नाही. साचा आहे ना, हिच्यासाठी दुसरा काढू, असं मनाशी म्हटलं आणि टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. कोपरा लागू नये म्हणून गोधडीही दिली.


गुरुवार, २७ मार्च

हिला सकाळी म्हणालो, चौकात रस्ता खणलाय, मागच्या रस्त्याने जा.

"तुम्हाला कधीपासून माझ्या रस्त्याची काळजी?"

गेली मागच्या रस्त्याने. मी चौकात गेलो.

खिडकीत उभी आहे. हिरव्या ड्रेसमध्ये. काचेबाहेर चार-पाच बायका. एक दुसरीला कोपर मारून म्हणाली, "अगं, बघ! हिला पोट आहे!" कुणी बोनस मिळाल्यावर बोलतं तशी. दुसरी म्हणाली, "आपल्यातली दिसते." आत शिरल्या. मी मागे उभा. छाती भरून आली, खोटं का लिहू.

मग मीही आत गेलो. आणि खिडकीची मागची बाजू दिसली.

ड्रेस मागून फाडलेला. मानेपासून खालपर्यंत, कात्रीने. दोन्ही काठ पुतळ्याच्या पाठीवर चिकटपट्टीने ओढून धरलेले. पुढून झकास, मागून उघडी.

मालकीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचा पुतळा चुकलाय. आमचं सगळ्यात मोठं माप हिला होत नाही!"

"मग माप चुकलंय तुमचं."

"कंपनीतून छापून येतं, मास्तर. कसं चुकेल?"

मी एक ड्रेस हँगरवरून उतरवला, उलटा केला. लगेच कळलं! कापड बेतायचा बारीक बाईचा कागदी नमुना घेतलाय आणि सगळीकडून सारखा वाढवलाय. गळा एवढा रुंद की खांद्यावरून घसरेल. बाही लोंबती. आणि पोटात जिथे कापड हवं तिथे नाही. मधमाश्या चावलेल्या बाईचा ड्रेस! ती बाई जगात कुठेच नाही. सगळ्या दुकानांत कपडे तिचेच.

ट्रायल रूममधून चेन अडकल्याचा आवाज आला. मघाच्याच बायका असणार.

"बायका थांबतायत, बघतायत, आत येतायत," बाई म्हणाल्या. "मग आतून हिरमुसून जातायत. मागून कुणी पाहिलं तर शोभेल का? तुम्ही असं करा. पोटातून दोन बोटं तासून द्या, मागूनही. शनिवारपर्यंत. एवढं तुम्हाला काय अवघड!"

"ते जमणार नाही."

"का?"

मी ड्रेस पुन्हा हँगरला लावला. बाई म्हणाल्या, मग दुकानाच्या तिन्ही शाखांच्या पुतळ्यांचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. गोड बोलून म्हणाल्या. पुतळा टेम्पोत घालून परत आणला. ड्रेस अंगावर तसाच.


शनिवार, २९ मार्च

क्रमाने लिहितो. जसं झालं तसंच.

सकाळी ग्राइंडर लावला. चक्री फिरायला लागली. पोटाजवळ नेली. बंद केली. पुन्हा लावली. फायबर आहे, म्हटलं. राळ आणि काच, बस. मोटारीचं बंपर तासलंय तसं हे. पण हात पुढे जाईना. बंपरला श्वास नसतो, मी मातीत घातला होता.

तेवढ्यात दार वाजलं नाही, सरळ उघडलं. ही. या वेळी केंद्रावर असते.

चिमणीने तिला सांगितलं होतं. वाईट बुद्धीने नाही, कौतुकाने. "ताई, चौकातल्या खिडकीत एक पुतळा आहे, खांदा अगदी तुमच्यासारखा उतरता! मला तर तुम्हीच वाटलात!" सगळे हसले. हीसुद्धा हसली म्हणे. मग चौकात गेली. खिडकी रिकामी होती. तिथून इकडे.

पुतळ्यासमोर उभी राहिली. ओळखायला तिला डोकं लागलं नाही. भोवती फिरली. फाटका ड्रेस बघितला. चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं, पुन्हा दाबून बसवलं.

"तुम्ही मला विचारलं होतंत."

"हो."

"मी काय म्हणाले होते?"

"नाही म्हणालीस."

"ऐकू आलं होतं ना? मला वाटलं, घरात माझा आवाज पोचत नाही."

मी शिलाईमावशीचं सांगितलं. हिरव्या ड्रेसचं, सोहळ्याचं, सगळं सांगितलं. तुझ्याचसाठी होता म्हणालो.

"मग खिडकीत कसा गेला?"

इथे मला खोटं सुचत होतं. बोललो नाही. म्हणालो, बाई म्हणाल्या की असं काम बघितलेलं नाही.

"हां," ही म्हणाली. एवढंच.

ग्राइंडरकडे बघितलं. "आणि आता हे?"

"दोन बोटं तासायला सांगितलंय. पोटातून."

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "ट्रायल रूममध्ये पडदा तरी होता," म्हणाली.

संध्याकाळी बॅग भरून बहिणीकडे गेली.


रविवार, ३० मार्च

सकाळी रेडिओ लावला. "नमस्कार! कसे आहात सगळे?" आवाजात काडीचा फरक नाही. बंद केला. पुन्हा लावला.


सोमवार, ३१ मार्च

मालकीणबाईंना फोन करून सांगितलं — तासणार नाही. दुसरा देतो, हवा तसा, मधमाश्यांचा. त्या म्हणाल्या, कसल्या मधमाश्या? सांगत बसलो नाही. पुढचं काम दुसरीकडे देणार, नक्की झालं. देवोत. फाटका ड्रेस धुऊन, घडी करून पाठवून दिला.

दुपारी मेहुणीचा फोन. "भाऊजी, एक सांगते, मी सांगितलं म्हणू नका. ताईने हो कळवलं!"

"कशाला हो?"

"सोहळ्याला हो! आणखी कशाला? मी विचारलं, अगं, घालणार काय? म्हणाली, घालीन काहीतरी, नागडी तर जाणार नाही! मागून फाटलेलं पण नाही, म्हणाली. हे मागून फाटलेलं काय हो, भाऊजी?"

"काही नाही."

"तुम्ही काय केलंत? ताई सांगत नाही. जेवते नीट, हसते नीट, तुमचं नाव निघालं की उठून भांडी घासते. माझी सगळी भांडी चकाचक झालीयत!"


बुधवार, २ एप्रिल

ही परत आली! एकटी नाही, शिलाईमावशीला घेऊन. घरात नाही, सरळ वर्कशॉपमध्ये.

"बाहेर थांबा," म्हणाली.

स्वतःच्या वर्कशॉपबाहेर मी उभा. समोरचा सुतार विचारतो, "काय मास्तर, हाकललं?" म्हटलं, रंगाचा वास चढलाय, हवा खातोय.

आत टेपचा फटकारा. मावशीचं पुटपुटणं. मग हिचा आवाज, घरचा नाही, रेडिओचा. "श्रोतेहो, आता ऐकू या दंड!" मावशी खिदळली. "आणि यानंतर, आपल्या आग्रहास्तव — कंबर!" एकेक आकडा खणखणीत, दाराबाहेर, सुतारापर्यंत. सुताराने रंधा थांबवला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा सुरू केला.

आकडे सगळे ऐकले. इथे लिहीत नाही. ते माझे नाहीत.

मग मला आत बोलावलं. मावशीने टेप पुतळ्याभोवती गुंडाळला, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "मास्तर, यावर बेतला असता तर हिच्या अंगात शिरलाच नसता."

"शक्य नाही!"

"बघा की तुम्हीच."

बघितलं. टेप हिसकावून घेतला न् स्वतः मोजलं. दंड कमी. कंबर कमी. पोट तर चांगलंच कमी. खांद्याचा उतार बरोबर, घडी बरोबर, भार टाकायची लकब बरोबर, आणि सगळीच बाई लहान. एकही जागा सुटली नाही. मी म्हणालो, राळ सुकताना आक्रसते. मावशी म्हणाली, इतकी? मी म्हणालो, टेप ताणला गेलाय. दुसरा टेप आणला. तेच.

माझा डोळा! या डोळ्यावर मी अख्खा धंदा उभा केला.

ही माझ्याकडे बघत होती. "तुम्ही पण तासलंच की हो," म्हणाली. आणि हसायला लागली. खरं हसू, पोट हलवणारं, वरचा टप्पा आधी. मावशीही हसली. मग मीही. नक्की कशाला हसलो ते अजून कळलेलं नाही, पण बरं वाटलं.

कापड हिरवं मिळालं. पडद्याच्या दुकानात! कपड्यांच्या दुकानांत निघत नाही म्हणे हा हिरवा, खिडक्यांसाठी निघतो. मावशी म्हणाली, "पडतंय बघा कसं, पाण्यासारखं." ड्रेस तिच्याच घरी शिवणार. पुतळ्याची गरज नाही, म्हणाली.

रात्री जेवताना हिने मीठ मागितलं.


शुक्रवार, ४ एप्रिल

माझा कोट इस्त्री करून आणला. बूट दोनदा पॉलिश केले. उद्या सोहळा. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या घरच्या माणसाला पहिल्या रांगेत एक खुर्ची असते. पास आलाय, टेबलावर आहे.

ड्रेस अजून बघितलेला नाही. मावशी दाखवत नाही. खांद्याला कसा बसवलाय कोण जाणे. डावा खांदा उतरता, तिथे आतून जरा भर दिली नाही तर गळा एका बाजूला ओढला जातो. सांगायला गेलो तर मावशीने दारातूनच परत पाठवलं. ठीक आहे. उद्या पहिल्या रांगेतून सगळं दिसेलच. गळ्याचं हाडही.

ही आरशासमोर उभी राहून पाठ करत होती. "सन्माननीय पाहुणे आणि रसिकहो…" मी म्हणालो, घाबरू नकोस, समोर मी असेन, माझ्याकडे बघून बोल.

"हं," म्हणाली. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.


शनिवार, ५ एप्रिल

पास तिने शिलाईमावशीला दिला. "तुम्ही घरी रेडिओवर ऐका," म्हणाली. चिडून नाही. तयार व्हायला मावशीकडेच गेली, तिथूनच सभागृहात.

ऐकला. तिचं नाव पुकारलं आणि टाळ्या सुरू झाल्या. तिने तोंड उघडण्याच्या आधीच, आणि थांबेनात.

ती कशी दिसत होती, मला माहीत नाही.